विझण्याची तारीख

दिवाळी सरते, तुळशीची लग्नं लागतात, त्रिपुरी पौर्णिमा होते, नाताळ आणि सव्वीस जानेवारीही येऊन जातात. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी रस्त्यांवर झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा मात्र तशाच लुकलुकत राहतात. मे महिना उजाडतो तेव्हा अर्धी माळ बंद पडलेली असते, उरलेली कधी निळी तर कधी जांभळी होत असते, आणि ती कोणत्या सणासाठी लावली होती हे ना लावणाऱ्याला सांगता येत, ना तिच्याखालून रोज जाणाऱ्याला. मार्च २०२४मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाने राज्य सरकार व संबंधित महापालिकांना नोटिसा काढल्या. याचिकेतला मुद्दा झाडांचा आणि त्यांवर राहणाऱ्या जिवांचा होता, आणि तो रास्तच होता. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे, जो कोर्टात सुटण्यासारखा नाही. हंगामी म्हणून लावलेली रोषणाई हंगाम संपल्यावर उतरत का नाही?

सार्वजनिक जागेतल्या प्रकाशरचनेची चर्चा आपल्याकडे नेहमी एकाच टोकाकडून सुरू होते. किती दिवे, कोणते रंग, उद्घाटन कोणाच्या हस्ते. ती दुसऱ्या टोकाकडून सुरू व्हायला हवी. दिवे कोणत्या दिवशी उतरणार, रोज रात्री किती वाजता विझणार आणि ते विझवण्याचा अधिकार कोणाच्या हातात असणार, हे आधी ठरलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप मार्गी लागतात. खांब जमिनीत किती खोल रोवायचे, तारा कुठून न्यायच्या, साहित्य कागदाचं की पत्र्याचं, झाडाला हात लावायचा की नाही, या सगळ्यांची उत्तरं त्या एका तारखेवर अवलंबून असतात. तारीख नसेल तर कंत्राटदार सर्वांत सोपा मार्ग धरतो: दिसेल त्या खोडाला माळ गुंडाळतो आणि निघून जातो.

जुन्या रोषणाईला अशी तारीख कोणी घालून द्यावी लागत नव्हती. तेल संपलं की दिवा विझायचा. देवळापुढची दीपमाळ जवळ जाऊन पाहिली तर हे ध्यानात येतं. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला दगडी खांब आणि त्याच्या अंगातून ओळीने बाहेर आलेले दगडी हात. वर्षातले बहुतेक दिवस ती काळपट, तेलकट उभी असते. त्या हातांवर कबुतरं बसतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी गावातला एखादा चपळ गडी त्याच हातांवर पाय देत वर चढतो. खालून पणत्या हातोहात वर जातात, वाती तेलात भिजतात, आणि अंधार पडेस्तोवर सगळा खांब पेटलेला असतो. दिवे ठेवायची जागा तीच, चढायची शिडीही तीच. गोव्यात मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ याच कुळातला. या रचनेत दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवावं लागेल असं फारसं काही नाही. रात्रीतून तेल जळतं, वात काजळते, पणत्या खाली येतात. खांब शतकानुशतकं टिकेल असा बांधलेला, प्रकाश एका रात्रीचा. कायमचं काय आणि तात्पुरतं काय याची इतकी स्वच्छ वाटणी आजच्या निविदांमध्ये सापडणं कठीण आहे.

तेलाची जागा विजेने घेतली तेव्हाही काही काळ लगाम टिकला, कारण बल्ब वीज खायचा. साध्या तारेच्या बल्बमधून एका वॅटला जेमतेम बारा-पंधरा ल्युमेन प्रकाश मिळायचा. आजचा एलईडी सहज शंभराच्या पुढे जातो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधामुळे पांढरा प्रकाश स्वस्त झाला. रॉकेलच्या चिमणीपुढे डोळे चोळत अभ्यास केलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. रोषणाईचा मात्र शेवटचा लगामही त्याने सोडवून टाकला. माळ महिनाभर चालू ठेवली काय आणि वर्षभर ठेवली काय, बिलातला फरक इतका थोडा की ती काढायला शिडी आणि माणूस पाठवणंच महाग पडतं. उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१६ या काळात रात्री कृत्रिम प्रकाशाखाली असलेली जमीन दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढत गेल्याचं त्यात दिसलं. दिवे काटकसरी झाले म्हणून एकूण उजेड आटोक्यात राहील ही आशा फोल ठरली. वाचलेल्या पैशांतून आणखी दिवे लागले.

म्हणून जे काम पूर्वी तेल करायचं ते आता रचनाकाराला करावं लागणार आहे. शेवट मुद्दाम आखावा लागेल.

शेवट पुढे ढकलला की काय होतं, याचं बोलकं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर घडलं. लिओ व्हिलारिअल या कलावंताने पुलाच्या पश्चिमेकडच्या भागाच्या उभ्या तारांवर सुमारे २५,००० एलईडी बसवले आणि ५ मार्च २०१३ रोजी ते उजळले. लांबी जवळपास तीन किलोमीटर, पैसा देणग्यांतून उभा केलेला, मुदत दोन वर्षं. लाटा, धुकं, वाहतूक यांच्या हालचालींवरून सुचलेले आकार त्या दिव्यांतून सतत सरकत राहायचे आणि तोच आकार पुन्हा दिसायचा नाही. शहर त्याच्या प्रेमात पडलं. मुदत संपली तेव्हा लोकांनी पुन्हा पैसा गोळा केला आणि २०१६मध्ये दिवे परत लागले, या वेळी कायमचे म्हणून. पण खारा वारा, धुकं आणि पुलाची अखंड थरथर यांपुढे दिव्यांचा टिकाव लागेना. दुरुस्ती करावी तर दुसऱ्या जागी बिघाड. अखेर ५ मार्च २०२३ रोजी, बरोबर दहा वर्षांनी, ते बंद करावे लागले. यात कोणाची लबाडी नव्हती, उलट सगळ्यांचं प्रेमच होतं. पण दोन वर्षांसाठी उभारलेली वस्तू आणि दशकांसाठी उभारायची वस्तू यांचं अभियांत्रिकी मुळातच निराळं असतं. मुंबईच्या हवेतही मीठ आहे, शिवाय चार महिन्यांचा पाऊस. दिवाळीसाठी आणलेली माळ पावसाळ्यात झाडावर राहते तेव्हा ती नुसती कुरूप दिसत नाही. तिच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचतं, आणि त्या झाडाला टेकून कोणीतरी बसची वाट पाहत उभं असतं.

न्यूयॉर्कने याच्या पुढचा धडा घालून दिला आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या मृतांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या रात्री मॅनहॅटनमधून आकाशात दोन निळसर झोत सोडले जातात. प्रत्येकी ७,००० वॅटचे ८८ झेनॉन दिवे दोन चौकोनांत मांडलेले असतात आणि स्वच्छ हवेत झोत साठ मैलांवरून दिसतात. सप्टेंबर म्हणजे तिथल्या लहान पक्ष्यांच्या स्थलांतराचा ऐन मोसम. रात्री उडणारे पक्षी झोतात शिरतात आणि त्यातून बाहेर पडेनासे होतात. घिरट्या घालत, ओरडत दमून जातात. रडारच्या नोंदी तपासून २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सात वर्षांतल्या सात रात्री मिळून सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज निघाला. त्याच संशोधनात हेही दिसलं की दिवे बंद करताच पक्षी काही मिनिटांत पांगतात. म्हणून झोताच्या पायथ्याशी पक्षीमित्र रात्रभर पक्षी मोजत बसतात. आकडा हजारावर गेला की वीस मिनिटं दिवे बंद. इतक्या मोठ्या दुःखाचं स्मारक, ज्याला हात लावायची कोणाची छाती होऊ नये असं. तेही पक्ष्यांसाठी मध्येच विझवलं जातं आणि त्याने स्मरणाला उणेपणा येत नाही. असं असताना एखाद्या चौकातली सजावट रात्री दहानंतर बंद करा म्हटलं तर इथे आभाळ का कोसळावं? ठाण्याची खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथे रोहित उतरतात तेच आपल्या रोषणाईचे महिने.

मग हंगाम म्हणजे नेमकं काय, हे ठरवावं लागतं. याबाबतीत परदेशी नमुना जसाच्या तसा उचलण्याची घाई होते, आणि तिथेच गफलत होते.

कॅनडातलं मॉन्ट्रिअल या क्षेत्रातलं आदर्श शहर मानलं जातं. तिथल्या रंगभूमी-संगीताच्या वस्तीत २०१०पासून दर हिवाळ्यात 'ल्युमिनोथेरपी' नावाचा उपक्रम चालतो. स्पर्धा घेऊन रचना निवडली जाते, काही आठवडे ती चौकात राहते आणि मग उतरते. २०१४च्या हिवाळ्यात तिथे माणसापेक्षा उंच असे पन्नास लोलक उभे होते, हाताने ढकलले की गरकन फिरून रंग फेकणारे. पुढच्या वर्षी तीस सी-सॉ आले. दोन माणसं दोन टोकांना बसून वर-खाली झाली की फळीतला प्रकाश आणि ध्वनी त्या झोक्याप्रमाणे बदलायचा. त्यापुढच्या वर्षी तेरा मोठी चक्रं आली. दांडा मारून ती फिरवली की आतली चित्रं हलू लागायची. तिन्ही रचनांत प्रकाश माणसाच्या हालचालीने जिवंत होतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे. डिसेंबरमध्ये मॉन्ट्रिअलला चारच्या सुमारास सूर्य मावळतो, थंडी हाडं गोठवते, लोक घरात कोंडून घेतात. त्यांना बाहेर काढून अंग हलवायला लावणं हाच या रचनेचा हेतू. चौकाला जी व्याधी आहे तिचंच औषध दिलेलं आहे.

मुंबईला ती व्याधी नाही. एकोणीस अंश अक्षांशावरच्या या शहरात सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक असतो. मॉन्ट्रिअलमध्ये तो सात तासांच्या आसपास जातो. इथे थंडी आली की माणसं उलट घराबाहेर पडतात. दिवस लहान झाला म्हणून दिवे लावावेत, हे युरोप-अमेरिकेचं कारण आपल्याला लागूच पडत नाही. आपला प्रकाशाचा हंगाम सूर्यावर बेतलेला नाही, चंद्रावर बेतलेला आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, आकाशात चंद्र नसतो तेव्हा. त्याआधी पंधरा दिवस कोजागरी असते, आणि त्या रात्री गच्चीवरचे दिवे मुद्दाम घालवून चांदण्यात दूध आटवलं जातं. दिवे विझवण्याचा सण ज्या पंचांगात आहे त्या समाजाला अंधार म्हणजे काय हे शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य शहरांतही चांदण्या रात्री रस्त्यावरचे गॅसचे दिवे न लावण्याची किंवा लवकर विझवण्याची रीत होती. ती काटकसरीपोटी होती. कोजागरीला काटकसर नसते, हौस असते, आणि म्हणून ती रचनाकाराच्या जास्त कामाची आहे.

महाराष्ट्रात ऋतूंनी बांधलेले प्रकाशाचे असे सोहळे आणखीही आहेत. मे अखेरीला, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. तिथे माणसाने करायची एकच गोष्ट असते, मोटारीचे दिवे आणि मोबाइल बंद ठेवणं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर चढत, अखेर मुखावर. खेळ काही मिनिटांचा, पण तो घडावा म्हणून किरणांच्या वाटेत कोणाचाही मजला, फलक किंवा टाकी आडवी येता कामा नये. वाढत्या शहरात ती वाट मोकळी ठेवणं किती कष्टाचं आहे ते कोल्हापूरकर जाणतात. किरणोत्सव नीट झाला नाही की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अडथळ्यांची चर्चा होते. काही मिनिटांच्या प्रकाशासाठी संपूर्ण परिसराने वर्षभर शिस्त पाळणं, याहून उंच दर्जाचं नागरी प्रकाशनियोजन जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

मुळं घट्ट असली की रोषणाई रद्द झाली तरी सण उरतो. फ्रान्समधल्या ल्योंचा प्रकाशोत्सव आज जगभर नावाजला जातो. १८५२मध्ये तिथल्या फुर्व्हिएर टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. पुराच्या पाण्यामुळे सप्टेंबरचा मुहूर्त टळून तो ८ डिसेंबरला गेला. त्या दिवशीही वादळ आलं. संध्याकाळी आकाश निवळलं आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. ती प्रथा पडली. पुढे शहराने १९८९मध्ये स्वतःचा प्रकाश आराखडाच केला, आणि १९९९पासून त्या एका रात्रीचा चार दिवसांचा मोठा उत्सव झाला. इमारतींवर प्रक्षेपणं, लाखोंची गर्दी, परदेशी पाहुणे. नोव्हेंबर २०१५मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले आणि सुरक्षेपायी त्या वर्षीचा उत्सव रद्द करावा लागला. सगळे प्रोजेक्टर बंद. तरी ८ डिसेंबरला ल्योंच्या खिडक्यांत दिवे लागले, या वेळी पॅरिसच्या मृतांसाठी. नगरपालिकेने मांडलेला भाग काढून घेतला तरी नागरिकांनी मांडलेला भाग जागेवर होता.

आपल्याकडे त्या खिडकीची जागा आकाशकंदिलाची आहे. कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने आवळायचा, पतंगी कागद खळीने चिकटवायचा, खालून झिरमिळ्या सोडायच्या. दिवाळीच्या सुट्टीत चाळीच्या गॅलरीत चालणारं हे काम अनेक पिढ्यांच्या बोटांत बसलेलं आहे. माहीमची कंदील गल्ली अजून त्यावर चार पैसे कमावते. गोव्यात कंदिलांच्या स्पर्धा लागतात आणि साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या, उजळलेल्या होड्यांची चढाओढ होते. हे सारं हाताने केलेलं, नाव लावून केलेलं आणि दिवस संपला की उतरणारं. महापालिकेची माळ मात्र कोणाचीच नसते. ती लावताना वस्तीतल्या एकाही माणसाचा हात लागलेला नसतो, म्हणून ती बंद पडली तरी कोणाचा जीव हळहळत नाही आणि उतरली नाही तरी कोणी विचारत नाही.

इथे दोन आक्षेप येतात आणि ते हलक्याने घेण्यासारखे नाहीत.

पहिला सुरक्षिततेचा. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला उजेड हवा, आणि अंधाराचं गुणगान हे सोसायटीच्या फाटकाआड राहणाऱ्यांना परवडतं. हे खरंच आहे. म्हणूनच रस्त्याचा दिवा आणि रोषणाई यांची गल्लत थांबायला हवी. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता यावा, पायाखालचा खड्डा दिसावा, यासाठी एकसारखा, खाली पडणारा, डोळ्यांत न जाणारा उजेड लागतो. लुकलुकणारी निळी माळ यातलं काहीच करत नाही. उलट तिच्या झगमगाटाने बाजूची सावली अधिक गडद वाटते. रस्त्याच्या दिव्याला विझण्याची तारीख नको, त्याला दुरुस्तीची मुदत हवी. बंद पडलेला पथदिवा आठवडाभर तसाच आणि झाडावरची माळ चालू, हे दृश्य सुरक्षिततेच्या नावाने खपवता येणार नाही.

दुसरा आक्षेप आनंदाचा. लोकांना झगमगाट आवडतो. सुट्टीच्या संध्याकाळी लांबच्या उपनगरांतून पोराबाळांना घेऊन माणसं रोषणाई बघायला येतात, फोटो काढतात, भेळ खातात. फेरीवाल्यांचा धंदा होतो. त्यांना कमी दिव्यांची थोरवी ऐकवणं उद्धटपणाचं ठरेल. त्या आनंदाची बाजू घेऊनच सांगायला हवं की वर्षभर दिसणारी गोष्ट बघायला कोणी लांबून येत नाही. लोकलचा प्रवास करून येण्याजोगं काही घडवायचं असेल तर ते ठरावीक दिवसांपुरतंच हवं. आणि लोकांना प्रकाशातलं कळत नाही, असंही नाही. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरेफटक एलईडी लावले तेव्हा केवढा गहजब झाला! 'राणीचा हार' म्हणून ओळखली जाणारी ही दिव्यांची रांग फिकी पडली अशी तक्रार सगळ्या थरांतून आली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, आणि अखेर पिवळसर छटेचे दिवे आले. प्रकाशाच्या छटेचे केल्विनमधले आकडे कोणी घोकले नव्हते. समुद्राच्या काठी संध्याकाळ कशी दिसायला हवी एवढंच ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं.

राहता राहिलं झाड. वडाच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या खोडाला करकचून गुंडाळलेली वायर दोन पावसाळ्यांनी पाहावी. खोड जाड होतं, वायर होत नाही. सालीत घळ पडते, घळीत पाणी आणि माती साठते, वायर रुतलेल्या ठिकाणी साल फुगून तिच्यावर चढू लागते. कुठे खिळा ठोकलेला असतो, त्याभोवती काळा डिंक. पुण्यात 'अंघोळीची गोळी' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी झाडांतले खिळे उपटण्याची मोहीम चालवली ती उगाच नाही. प्रकाशाचाही परिणाम होतो. ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारलेल्या २०१६च्या अभ्यासात उजळ भागातल्या झाडांना साडेसात दिवसांपर्यंत आधी पालवी फुटल्याचं आढळलं. तिथली झाडं वेगळी, हवामान वेगळं, त्यामुळे तो आकडा मुंबईला चिकटवता येत नाही. पण झाड रात्र ओळखतं, एवढं त्यातून कळतं, आणि महाराष्ट्रात शहरी झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५पासून आहे. झाडाला दिवा बांधायचाच नाही, हा नियम एका ओळीत लिहिता येतो.

हे सगळं एका जागी आणून पाहायचं तर दादरचं शिवाजी पार्क घ्यावं. मैदान मोठं, लाल मातीचं. भोवती एक किलोमीटरहून थोडा लांब कट्टा आणि पर्जन्यवृक्षांची रांग. २०१०पासून हा शांतता क्षेत्राचा परिसर आहे. माणसांना इथे बोलवावं लागत नाही, ती रोज येतातच. म्हणजे मॉन्ट्रिअलसारखं घराबाहेर खेचणारं काही नको. इथली रचना वसुबारसेला सुरू व्हावी आणि त्रिपुरी पौर्णिमेला संपावी, सुमारे एकोणीस दिवस. वसुबारसेपासून दिवे वाढत जावेत, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला रचना पूर्ण तेजात असावी. मग जसजसा चंद्र वाढेल तसतसे दिवे रोज थोडे मंद व्हावेत. डिमर आणि टायमर असलेल्या कोणत्याही साध्या यंत्रणेला हे जमतं. पौर्णिमेला विजेचा एकही दिवा नसावा, कट्ट्यावर पणत्या असाव्यात. या अठरा-एकोणीस संध्याकाळी नेमाने फिरायला येणाऱ्याला कोणी न सांगता चंद्र वाढताना दिसेल, जे दादरमध्ये एरवी क्वचितच कोणाच्या लक्षात येतं.

दिवे झाडांपासून दूर, स्वतःच्या बांबूंवर. बांबू उभे करायला पदपथाच्या कडेला झाकणाच्या खोबणी कायमच्या बसवाव्यात. दीपमाळेच्या दगडी हातांचं काम त्या करतील, वर्षभर रिकाम्या राहतील आणि कोणाच्या पायात येणार नाहीत. कंदील कामट्यांचे, पण पतंगी कागदाऐवजी सुती कापडाचे, कारण परतीचा पाऊस ऐन दिवाळीत येऊन झोडपतो हे मुंबईकरांनी पाहिलेलं आहे. आतला दिवा चोवीस व्होल्टचा, मेणबत्तीच्या जवळ जाणाऱ्या पिवळ्या छटेचा. प्रत्येक फिडरवर तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी. कंदील वर चढवायला कप्पी आणि दोरी असावी, आणि रोज सातला तो चढवण्याचं काम आसपासच्या शाळांनी आणि घरांनी वाटून घ्यावं. ज्याने दोरी ओढली त्याचा तो कंदील. रात्री दहाला सगळे खाली.

कंत्राटात दोन कलमं वेगळी हवीत. पैशांचा शेवटचा हप्ता रचना उतरवून, खोबणींवर झाकणं बसवून, आसपासच्या झाडांची पाहणी करून उद्यान विभागाने सही केल्यावरच मिळावा. उद्घाटनाच्या दिवशी मिळू नये. आणि मधेच दिवे बंद करण्याचा अधिकार विद्युत खात्याबरोबर स्थानिक पक्षीनिरीक्षकांच्या आणि रहिवाशांच्या प्रतिनिधींनाही लेखी असावा, जसा न्यूयॉर्कमध्ये पक्षी मोजणाऱ्यांच्या शब्दाला मान आहे. मुदतवाढीची मागणी येणारच, कारण चांगली झालेली गोष्ट उतरू नये असं सगळ्यांनाच वाटतं. तिला उत्तर म्हणून निविदेतच लिहावं की मुदतवाढ नाही, पुढच्या वर्षीचा मुहूर्त आहे.

यासाठी वेळेचं गणित मात्र आधी जमवावं लागेल. कंदिलांचे कारागीर गणपतीआधीपासूनच दिवाळीच्या कामाला लागलेले असतात. बांबू फोडून, तासून, वाळवून ठेवावा लागतो. वॉर्ड ऑफिसचा निर्णय दसऱ्याच्या तोंडावर झाला तर हाती उरतात फक्त बाजारात तयार मिळणाऱ्या माळा, आणि त्या जातात थेट झाडांवर. निर्णय आषाढात झाला, कामाचा आदेश श्रावणात निघाला आणि कारागिरांना निम्मे पैसे आगाऊ मिळाले, तर माहीमच्या गल्लीतून दादरच्या कट्ट्यापर्यंत हे कंदील एका टेम्पोत जातील.